जंत मुद्दाम पोटात घ्यायचे, तर कोणते?

क्रोन्स (आतड्याचा दाह) किंवा एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) यांसारख्या ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या आजारावर जंतांचा उपाय करून पाहावा का, असा विचार करणाऱ्यांसमोर मुख्यतः दोन जंत असतात: डुकराचा व्हिपवर्म आणि माणसाचा हुकवर्म. दोन्हींमागचा विचार एकच. आतड्यात तग धरण्यासाठी जंत आपली प्रतिकारशक्ती शांत करतो. मग तिचा आपल्याच शरीरावरचा हल्लाही ओसरेल, ही आशा.

व्हिपवर्म घ्यायला सोपा. डोळ्यांना न दिसणारी अंडी द्रवातून प्यायची. माणसात तो फार काळ टिकत नाही, म्हणून डोस पुन्हापुन्हा घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या आयोवात 29 क्रोन्स रुग्णांना दर तीन आठवड्यांनी 2500 अंडी दिली. 2005 साली आलेल्या निकालात बहुतेकांना आराम पडला होता. पण तुलनेला प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) घेणारे रुग्णच नव्हते. पुढे सुमारे 250 रुग्णांवर प्लासिबोसह चाचणी झाली आणि 2013 मध्ये कळलं, अंडी सरस ठरलेली नाहीत. माझ्या लेखी क्रोन्ससाठी हा पर्याय तिथेच संपला.

हुकवर्म जास्त त्रासाचा. अळ्या पट्टीवर घेऊन हातावर लावतात. खाज सुटते, पुरळ उठतं. अळ्या रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या गेल्या की लहान आतड्यात पोचतात; तिथे कित्येक वर्षं राहून रक्त पितात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या चाचणीत 71 एमएस रुग्णांपैकी निम्म्यांना 25-25 अळ्या दिल्या. 2020 च्या निकालानुसार दाह आवरणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढल्या, मात्र एमआरआयवरच्या नव्या व्रणांत ठोस फरक पडला नाही. मला यात अजून आशा दिसते, पण ती संशोधनापुरती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रीतसर चाचणीत भाग घेता आला तर जरूर विचार करा. त्यासाठी चालू औषधं सोडू नका. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर नकोच.

आपल्याकडे अनवाणी पायांनी मातीतून लागणारे जंत म्हणजे फुकटचा उपचार, असंही कुणी समजू नये. किती शिरले, कोणते शिरले, काहीच हातात नसतं. त्यांतला स्ट्राँगिलॉइडिस शरीरातच वाढत जातो, आणि ऑटोइम्यून आजारासाठी स्टिरॉइड सुरू असेल तर तो जिवावर बेतू शकतो. गावाकडे शेतात वावर असेल तर स्टिरॉइड सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडे त्याच्या तपासणीचा विषय काढा.