दोन ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ आणि एक कॅलिपर

माझ्या टेबलावर गेले दोन महिने एकाच वाफेच्या इंजिनाची दोन तयार मॉडेले शेजारी शेजारी उभी आहेत. दोन्ही ब्रिटिश ‘ओओ’ प्रमाणातली, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या ७६.२ पट लहान, आणि दोन्हींच्या पेटीवर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हेच नाव आहे. पहिले लंडनला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने माझ्या सांगण्यावरून नवे कोरे विकत घेऊन आणले. दुसरे त्याच्या साधारण एक तृतीयांश किमतीत, तिथल्याच एका जुन्या मॉडेलांच्या दुकानातून त्याने स्वतःच्या मनाने उचलले आणि ‘दादा, हे असू दे जोडीला’ म्हणून माझ्या हाती दिले. कंपन्यांची नावे मी लिहिणार नाही. खाली ज्या उणिवा सांगणार आहे त्या कमीअधिक प्रमाणात या व्यवसायात सगळीकडेच आढळतात, आणि एकीचे नाव घेऊन तिलाच झोडपणे न्यायाचे होणार नाही.

महागडी पेटी उघडली तेव्हा मी खरोखर हरखून गेलो होतो. बॉयलरच्या बाजूने जाणारी हाताने धरायची दांडी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तारेची आहे आणि ती सुट्या, इवल्याशा खुंट्यांतून ओवलेली आहे. धक्के झेलणारे बफर दाबले की स्प्रिंगवर आत जातात. केबिनमध्ये डोकावले तर दाबमापकांच्या तबकड्या पांढऱ्या, त्यांच्या कडा पितळी आणि नळांच्या चाव्या तांबड्या रंगवलेल्या दिसतात. भिंग लावल्याशिवाय हे काम नीट दिसतही नाही. टेंडरमधल्या, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीतल्या, कोळशाच्या ढिगाऱ्याला खरा वाटावा असा खरखरीतपणा आहे. सफरचंदी हिरव्या रंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा कोपऱ्यांवरसुद्धा कुठे तुटलेल्या नाहीत. त्याच्या तुलनेत स्वस्त मॉडेलाच्या दांड्या अंगाबरोबरच साच्यातून ओतलेल्या, म्हणजे मुळात दांड्या नव्हेतच, तर प्लास्टिकवर उठलेले वळ आहेत. बफर घट्ट आहेत आणि केबिनमध्ये सगळे काही एकाच काळ्या रंगात बुडालेले आहे.

इथपर्यंत निकाल उघड वाटतो. परंतु मी तीसेक वर्षे कारखान्यात यंत्रांची रेखाटने केली आहेत आणि हातात वस्तू आली की व्हर्नियर कॅलिपर लावून पाहण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मूळ इंजिनाची मापे सर्वत्र छापलेली आहेत. त्याची चालक चाके, म्हणजे इंजिनाला पुढे ढकलणारी मोठी चाके, ६ फूट ८ इंच, म्हणजे २०३२ मि.मी. व्यासाची आहेत, ७६.२ ने भागले की २६.६७ मि.मी. येतात. स्वस्त मॉडेलाचे चाक माझ्या कॅलिपरवर २६.५ भरले. महागड्याचे भरले २५.६. हा एक मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु खऱ्या इंजिनावर तो सव्वातीन इंचांच्या आसपास जातो, आणि या इंजिनाची सारी ऐट त्या तीन मोठ्या, एकमेकांना जवळजवळ खेटून उभ्या असलेल्या चाकांतच आहे. हाताच्या अंतरावरून पाहताना ही चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही. फक्त इंजिन थोडे बसके, थोडे मवाळ वाटते.

चूक का होते हेही मापांतूनच कळते. खऱ्या इंजिनावर लगतच्या दोन चालक आसांतले अंतर ७ फूट ३ इंच आहे, त्यामुळे दोन चाकांच्या धावांमध्ये जेमतेम ७ इंचांची फट उरते. मॉडेलात ती फट सव्वादोन मिलिमीटरांहून किंचित जास्त होते. खऱ्या चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड सुमारे तीन सेंटीमीटर खोल असते, म्हणजे प्रमाणात ती ०.४ मि.मी. असायला हवी, पण इतक्या उथळ कडेवर घरगुती, थोडे वरखाली बसवलेले रूळ गाडीला धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून तयार मॉडेलांत ती दुपटीहून अधिक खोल ठेवतात. कड खोल झाली की शेजारची चाके एकमेकांना घासू लागतात, आणि मग कारखान्याकडे दोनच वाटा उरतात: आसांतले अंतर वाढवायचे किंवा चाके लहान करायची. महागड्या मॉडेलाच्या कर्त्यांनी दुसरी वाट धरली. स्वस्तवाल्यांनी कड थोडी बारीक करून चाक जपले, आणि त्याची किंमत म्हणून त्यांचे इंजिन माझ्या जुन्या रुळांच्या सांध्यांवर अधूनमधून ठेचकाळते.

रुळांचा विषय निघालाच आहे तर ‘ओओ’चे मूळ पाप सांगून टाकतो. दोन्ही मॉडेले १६.५ मि.मी. रुंदीच्या रुळांवर चालतात. खरी वाट १४३५ मि.मी. रुंद आहे; ७६.२ ने भागल्यास १८.८३ मि.मी. हवी. युरोपात १:८७ हे ‘एचओ’ प्रमाण रूढ झाले तेव्हा १६.५ हे माप त्याला बरोबर बसत होते, परंतु ब्रिटिश इंजिने अंगाने लहान असल्यामुळे त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून अंग एका फुटाला ४ मि.मी. या मोठ्या प्रमाणात केले आणि रूळ मात्र जुन्याच मापाचे राहू दिले. त्यामुळे प्रत्येक तयार ब्रिटिश इंजिन आजही आपल्या अंगाच्या मानाने फार अरुंद वाटेवर उभे असते. समोरून पाहिले की ते लगेच खटकते. खऱ्या मापाचे रूळ स्वतः घालणारे हट्टी लोक ब्रिटनमध्ये अनेक दशकांपासून आहेत, परंतु दुकानातून आणून थेट रुळांवर ठेवायच्या मालाला ती सोय नाही. भारतीय इंजिनांच्या मॉडेलांची गत तर आणखी वाईट असते: आपल्या १६७६ मि.मी. रुंद वाटेला १:८७ मध्ये १९.२६ मि.मी. लागतात आणि मिळतात तेच १६.५, त्यामुळे ओळखीचे डिझेल इंजिनसुद्धा आखूड पायांवर तोललेल्या गृहस्थासारखे दिसते. हा दोष दोन्ही मॉडेलांत सारखा असल्यामुळे मी त्याचे गुण कोणाचेच कापले नाहीत.

खरी निराशा पुढे आहे, आणि ती मिलिमीटरांची नाही. महागड्या पेटीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे की हे इंजिन १९३४ च्या, म्हणजे ताशी १०० मैलांच्या विक्रमी धावेच्या वेळच्या रूपातले आहे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ १९२३ साली डॉनकॅस्टरच्या कारखान्यात बांधले गेले ते ‘ए१’ वर्गातले इंजिन म्हणून. अधिक दाबाचा बॉयलर बसवून त्याचे ‘ए३’ वर्गात रूपांतर झाले ते १९४७ मध्ये. ‘ए३’ची बाहेरून दिसणारी खूण म्हणजे स्मोकबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरपुढच्या धुराच्या कोठीच्या, दोन्ही बाजूंना वर बसवलेली झाकणे, आतली वाफ अतितप्त करणारी यंत्रणा मोठी झाल्यामुळे ती बाहेर डोकावू लागली आणि तिच्यावर ही झाकणे आली. माझ्या ‘१९३४’च्या मॉडेलावर ती झाकणे आहेत. ती अतिशय सुबक आहेत, त्यांच्या कडेचे रिव्हेटसुद्धा मोजता येतात, आणि ती त्या इंजिनावर यायला अजून १३ वर्षे अवकाश आहे.

मग मी केबिन पुन्हा भिंगाखाली धरले. ज्या तबकड्या आणि चाव्या पाहून मी हरखलो होतो, त्यांची मांडणी चालक डावीकडे बसतो असे गृहीत धरून केलेली आहे. हे इंजिन मुळात उजव्या बाजूने चालवायचे होते. ते डाव्या बाजूचे झाले १९५४ साली. म्हणजे पेटीतल्या सर्वांत कष्टाच्या, सर्वांत नाजूक कामातला बराचसा भाग, पेटीवरच छापलेल्या सालाच्या हिशेबाने, चुकीच्या बाजूला आहे. कोणीतरी उत्तम हाताने, एका केसाच्या कुंचल्याने, खोटे चितारले आहे.

असे का घडत असावे याचा अंदाज बांधणे अवघड नाही. हल्ली मॉडेलाचा आराखडा करताना जतन केलेले खरे इंजिन मोजायला जातात, आणि तेथे जे समोर उभे असते तेच कागदावर उतरते. परंतु जतन केलेले इंजिन म्हणजे त्याच्या अनेक दुरुस्त्यांची बेरीज असते. याच इंजिनाला १९५० च्या दशकाच्या अखेरीस दुहेरी धुराडे बसले, १९६१ मध्ये धूर वर ढकलणारे पत्रे लागले, आणि सेवेतून निवृत्त झाल्यावर १९६३ मध्ये खासगी मालकाने विकत घेतले तेव्हा ते पत्रे आणि दुहेरी धुराडे काढून, जुना हिरवा रंग आणि ४४७२ हा जुना क्रमांक देऊन ते पुन्हा ‘जुने’ केले. २०१६ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर ते धावू लागले ते पुन्हा दुहेरी धुराडे, पत्रे आणि ६०१०३ हा क्रमांक घेऊन. यांतल्या कोणत्या अवस्थेचे मॉडेल करायचे हे आधी ठरवावे लागते, त्यासाठी त्या त्या सालची छायाचित्रे धुंडाळावी लागतात, आणि हे काम तार ओवण्याइतके डोळ्यांत भरत नाही. जाहिरातीतल्या छायाचित्रात तार दिसते. साल दिसत नाही.

आता स्वस्त मॉडेलाकडे वळतो. त्याच्या पेटीवर कसलाही दावा नाही. परंतु स्मोकबॉक्सला झाकणे नाहीत, टेंडर सुरुवातीच्या काळातला, वर कोळसा अडवणाऱ्या गजांचा आहे, आणि क्रमांक केबिनवर नसून टेंडरच्या अंगावर मोठ्या आकड्यांत आहे, जसा तो १९२० च्या दशकात असे. चाकांचे सांगितलेच. इंजिन आणि टेंडर मिळून खरी लांबी ७० फूट ५ इंच, म्हणजे प्रमाणात सुमारे २८२ मि.मी.; हे मॉडेल २८४ भरले, आणि ते जास्तीचे दोन मिलिमीटर इंजिन व टेंडर यांच्यामधल्या फटीत आहेत, कारण ४३८ मि.मी. त्रिज्येच्या बाजारी वळणावर ही जोडी वळली पाहिजे. ते वळण खऱ्या मापात ३३ मीटरांचे होते. इतक्या आवळ वाटेवर हे इंजिन कोणी नेले असते तर ते तिथेच राहिले असते. स्वस्त मॉडेलाच्या खिडक्यांची काच मात्र वाईट आहे: जवळजवळ एक मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या केबिनला जवळजवळ तीन इंच जाडीची काच बसवल्यासारखी. ओतीव दांड्यांचे वळ तिरप्या उजेडात सावली पाडतात आणि तेवढ्यापुरते खरे भासतात. सरळ उजेडात भासत नाहीत.

चालवून पाहण्याच्या परीक्षेत आणखी एक गंमत कळली. महागड्या पेटीत एक छोटी पारदर्शक पिशवी असते, तिच्यात पुढच्या पायऱ्या, सिलिंडरखालच्या पाणी सोडण्याच्या नळ्या आणि ब्रेकचे गज असे सुटे भाग असतात, जे घेणाऱ्याने स्वतः चिकटवायचे असतात. सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिले आहे की पुढचे भाग चिकटवल्यास इंजिन आवळ वळणांवर चालणार नाही, कारण पुढची लहान चाके त्यांना अडतात. म्हणजे संपूर्ण तपशिलांसह हे मॉडेल काचेच्या कपाटातच राहू शकते. मी ते भाग चिकटवले नाहीत. तरीही तिसऱ्या दिवशी इंजिन उचलताना दांडीची एक खुंटी अंगठ्याखाली निखळली आणि ती शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. स्वस्त मॉडेल माझा सात वर्षांचा नातू मुठीत धरून उचलतो. त्याला मी ओरडत नाही.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून तिथे पाहणाऱ्यांसमोर गाड्या धावत आहेत. तिथे उभे राहिल्यावर माझ्या लक्षात आले की चालत्या गाडीकडे आपण चार-पाच फुटांवरून पाहतो, आणि त्या अंतरावर दांडी तारेची आहे की ओतीव, हे माझ्या डोळ्यांना तरी कळत नाही. चाकांचा आकार, बॉयलरची उंची, धुराड्याचा घाट, डब्यांशी जुळणारा काळ, हे मात्र कळते. कपाटात ठेवून नाकाजवळून पाहणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि त्याने महागडे मॉडेल घेतले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. फक्त पेटीवरचे साल त्याने स्वतः तपासून घ्यावे.

महागडे मॉडेल परत पाठवण्याचा विचार मी केला होता, परंतु लंडनचा टपालखर्च पाहून तो मागे पडला. मग एका रात्री यादी करत बसलो: सफरचंदी हिरवा रंग, केबिनवर ४४७२, एकेरी धुराडे, पत्रे नाहीत, स्मोकबॉक्सवर झाकणे, डावीकडचा चालक, मधून माणसाला जाता येईल असा बोळाचा टेंडर. चाके सोडली तर यांतली एकही गोष्ट १९६३ च्या, नव्या मालकाने सजवलेल्या इंजिनाला विसंगत नाही. मॉडेल बरोबर होते. पेटी चुकीची होती. दुसऱ्या दिवशी त्याच्यामागचे सागवानी लाकडाच्या रंगाचे डबे काढून मी ते स्वस्त ‘ए१’ला जोडले, आणि महागड्याच्या मागे ब्रिटिश रेल्वेचे तपकिरी-लाल ‘मार्क १’ डबे लावले. पेटीवरच्या १९३४ वर कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलीने १९६३ लिहिले आहे. खुंटी अजून सापडलेली नाही.