एका दिवसात दोन हवामानं, ही जीप टूर नक्की करा
ऑगस्टमध्ये महाबळेश्वर ते म्हसवड अशी एक दिवसाची जीप टूर केली आणि खरं सांगते, डोळे उघडले. सकाळी धुक्यात वायपर थांबायचं नाव घेईना, तिथे वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, आणि दुपारी त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात नुसती धूळ, पाऊस जेमतेम ५०० मिमीच्या आसपास, घरांपुढे टँकरची वाट बघणारे निळे ड्रम. ढग घाटावरच रिकामे होतात हे शाळेत वाचलेलं, इथे दिसलं. ड्रायव्हरदादा माणचेच, बोअर किती खोल गेल्यात ते सांगत होते तेव्हा पोटात कालवलं. बाजरीची भाकरी मस्त. फक्त प्लास्टिकच्या बाटल्या वाटतात ते बंद करा प्लीज, घाटात कचरा आधीच खूप पडलाय.