कुत्र्या-मांजरांचा विमा निवडताना: चार पॉलिसी, तीन आजार

दोन विमा कंपन्यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवली की नजर आधी हप्त्यावर जाते, मग ‘बिलाच्या किती टक्के मिळणार’ या आकड्यावर. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तेच दोन आकडे ठसठशीत छापलेले असतात. क्लेम अडकतो तो मात्र भलतीकडेच. आजाराची पहिली खूण कधी दिसली, उपचार किती काळ चालणार आणि डॉक्टरांनी केसपेपरवर नेमकं काय लिहिलंय, या तीन गोष्टींवर बहुतेक भांडणं होतात. म्हणून पॉलिसी तपासताना मी माहितीपत्रक बाजूला ठेवते, तीन आजार घेते आणि प्रत्येक पॉलिसीत ते तीन वर्षं चालवून बघते.

पहिला आजार: उंचावरून पडून पाय मोडलेलं मांजर. दुसरा: दीड वर्षाचा कुत्रा, जो पंजे चाटतो, कान खाजवतो आणि ज्याला शेवटी त्वचेची अ‍ॅलर्जी निघते. तिसरा: मोठ्या जातीचा चार-पाच वर्षांचा कुत्रा, मागचा पाय टेकवत नाही, गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे सांध्याची हाडं जागेवर धरून ठेवणारा बंध, फाटलेला.

बाजारात नावं अनेक असली तरी पॉलिसींचे साचे साधारण चारच. एक, फक्त अपघाताची. दोन, प्रत्येक आजाराला बहुधा १२ महिन्यांची मुदत देणारी. तीन, मुदत नाही, पण प्रत्येक आजारामागे एक ठरावीक रक्कम. ती संपली की तो आजार पॉलिसीतून कायमचा बाहेर. चार, वर्षाची एकूण मर्यादा असलेली आणि नूतनीकरणाबरोबर ती मर्यादा पुन्हा पूर्ण भरणारी.

| पॉलिसी | मोडलेला पाय | त्वचेची अ‍ॅलर्जी | आधी एक गुडघा, मग दुसरा |
|---|---|---|---|
| फक्त अपघात | मिळतात | नाही | बहुधा नाही |
| आजाराला १२ महिने | मिळतात | पहिलं वर्षच | दोन्ही गुडघे एकच आजार धरले तर मुदतीनंतरचा दुसरा बाहेर |
| आजारामागे ठरावीक रक्कम | मिळतात | रक्कम संपेपर्यंत | दोन्हींना मिळून एकच रक्कम असू शकते |
| दरवर्षी भरणारी मर्यादा | मिळतात | नूतनीकरण चालू असेतोवर | मिळतात, त्या-त्या वर्षाच्या मर्यादेत |

मोडलेल्या पायावर फार बोलायला नको. एका ठिकाणी सुरू होऊन काही महिन्यांत संपणारा उपचार आहे, चारही साचे तो पेलतात. फक्त शस्त्रक्रियेच्या खर्चाला मर्यादा पुरेल का एवढं बघायचं. प्राणी तरुण, धडधाकट आणि हात आखडता असेल तर फक्त अपघाताची पॉलिसी अजिबात वाईट नाही. पण एक लक्षात ठेवा: मांजराची लघवी तुंबणं ही जिवावरची तातडीची वेळ असली तरी तो अपघात नाही, आजार आहे. तातडी आणि अपघात यांची गल्लत इथे खूप जण करतात.

खरी परीक्षा होते ती अ‍ॅलर्जीत. कुत्र्यांमधली ही त्वचेची अ‍ॅलर्जी सहसा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते, आणि ती आटोक्यात ठेवता येते, मुळासकट जात नाही. म्हणजे गोळ्या, इंजेक्शनं, औषधी शाम्पू, कानाचे संसर्ग, मधूनमधून तपासण्या हे सगळं पुढची दहा वर्षं. १२ महिन्यांच्या पॉलिसीत पहिलं वर्ष सुखात जातं, कंपनी पैसे देते, तुम्ही चार लोकांना तिची शिफारसही करता. तेराव्या महिन्यात तोच आजार पॉलिसीतून निघून जातो. आणि तोवर तो ‘आधीपासूनचा आजार’ झालेला असल्यामुळे दुसरी कंपनीही त्याला हात लावत नाही. मधुमेह, थायरॉइड, म्हाताऱ्या मांजरांमधला मूत्रपिंडाचा जुना विकार, सांधेदुखी, या सगळ्यांची गत हीच. माझ्या मते हा साचा सगळ्यांत फसवा आहे. वाईट आहे म्हणून नव्हे. नव्या पिल्लाच्या मालकाला तो चौथ्या साच्यासारखाच दिसतो म्हणून.

चौथ्या साच्यातही एक प्रश्न लेखी विचारून घ्या: ‘या वर्षी झालेला आजार पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी आधीपासूनचा धरणार का?’ उत्तर ‘हो’ असेल तर बाहेरचं लेबल काहीही असो, आत १२ महिन्यांचीच पॉलिसी आहे. त्याला जोडून दुसरा प्रश्न: क्लेम केला म्हणून पुढच्या वर्षी हप्ता वाढतो का? वयाप्रमाणे तर तो बहुतेक ठिकाणी वाढतोच. काही पॉलिसींत ठरावीक वयानंतर बिलातला तुमचा वाटाही वाढतो. पहिल्या वर्षाचा हप्ता बघून आयुष्यभराचा हिशेब मांडू नका. आठ-दहा वर्षांच्या प्राण्याला आज काय हप्ता सांगतात ते विचारा. अंदाज तिथूनच येतो.

गुडघ्याची गोष्ट वेगळ्या कारणाने चिवट आहे. माणसांत हा लिगामेंट खेळताना झटक्यात तुटतो. कुत्र्यांत तो बहुतेकदा आतून झिजत जातो आणि मग एखाद्या उडीचं निमित्त होतं. झीज एकाच गुडघ्यात थोडीच थांबणार? एका बाजूचा लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचा दुसराही पुढेमागे जातो. म्हणून कंपन्या ‘दोन्ही बाजूंच्या अवयवांचं’ कलम घालतात. पॉलिसी घेण्याआधी उजव्या पायाला त्रास झाला असेल तर डावाही आधीपासूनचा धरला जातो. हे कलम गुडघ्यापुरतंच नसतं. खुबे, डोळे, कान अशा जोडीच्या अवयवांनाही ते लावलेलं आढळतं. पिल्लू असताना ‘जरा लंगडतोय’ अशी एक ओळ केसपेपरवर पडलेली असली तर ती इथे आडवी येऊ शकते.

प्रतीक्षा कालावधीही, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीला जितका काळ क्लेम चालत नाही तोही, इथेच बघायचा. अपघाताला तो शून्य ते काही दिवस असतो, आजाराला साधारण १४ ते ३० दिवस. पण गुडघा आणि खुब्याला कित्येकदा सहा महिन्यांपर्यंत. काही कंपन्या पॉलिसी घेताच डॉक्टरांकडून हाडा-सांध्यांची तपासणी करून अहवाल दिला तर हा काळ कमी करतात. मोठ्या जातीचा कुत्रा असेल तर ही तपासणी पहिल्याच आठवड्यात उरकून घ्यावी.

जातीचंही तेच. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या जातींत श्वासाची शस्त्रक्रिया, डॅशहुंडमध्ये मणका, मोठ्या जातींत खुबा, पर्शियन मांजरांत मूत्रपिंडातल्या गाठी. तुमच्या प्राण्याच्या जातीत जे नेहमी होतं नेमकं तेच ‘आनुवंशिक’ किंवा ‘जन्मजात’ या शब्दाखाली वगळलेलं नाही ना, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. आणि काही पॉलिसी तर उपचाराचा खर्च देतच नाहीत. प्राणी दगावला तर त्याची किंमत देतात. दुभत्या जनावरासाठी ते ठीक. घरातल्या मांजरासाठी त्याचा उपयोग काय, मला आजवर कळलेलं नाही.

आता पैशांची वजाबाकी. बिलातली काही ठरावीक रक्कम आधी तुम्ही भरता, तिला डिडक्टिबल म्हणतात. उरलेल्यातले काही टक्के कंपनी देते. कोणतं आधी कापायचं याने फरक पडतो. समजा बिल १०,०००, डिडक्टिबल २,००० आणि परतावा ८० टक्के. डिडक्टिबल आधी वजा केलं तर ८,००० चे ८० टक्के, म्हणजे ६,४०० हातात. आधी टक्के काढून मग डिडक्टिबल वजा केलं तर ८,००० उणे २,०००, म्हणजे ६,०००. छापलेले आकडे दोन्हीकडे सारखेच. याहून मोठा फरक पडतो तो डिडक्टिबल वर्षातून एकदा, प्रत्येक आजारामागे एकदा की प्रत्येक क्लेमला, यावर. अ‍ॅलर्जीच्या कुत्र्याला प्रत्येक क्लेमला डिडक्टिबल म्हणजे छोट्या बिलांतून जवळपास काहीच मिळणार नाही. उलट दहा वर्षं एकच आजार चालणार असेल तर आयुष्यात एकदाच कापलं जाणारं आजारामागचं डिडक्टिबल फायद्याचं. काही पॉलिसी टक्क्यांच्या भानगडीत न पडता प्रत्येक उपचाराला ठरलेल्या दराचा तक्ता लावतात. बिल तक्त्यापेक्षा जास्त आलं तर वरचं सगळं तुमचं. डॉक्टरांची तपासणी फी धरतात का, दातांच्या आजाराचं काय, औषधी खाद्य येतं का, एमआरआयला वेगळी मर्यादा आहे का, हेही विचारा. लसीकरण, जंताचं औषध, नसबंदी सहसा मूळ पॉलिसीत नसतात. त्यासाठी वेगळं जोडपॅकेज विकतात; बहुतेकदा तुमचेच पैसे हप्त्यांनी परत येतात.

मग विमाच कशाला, दर महिन्याला तेवढेच पैसे बाजूला टाकले तर? हा पर्याय मी हसण्यावारी नेत नाही. तीन-चार प्राणी असतील, प्राणी आधीच वयस्क असेल आणि जुने आजार वगळले जाणार असतील, तर स्वतःची गंगाजळी कित्येकदा सरस ठरते. नियम नाहीत, नकार नाही, न वापरलेला पैसा आपलाच. पण पिल्लू पाचव्या महिन्यात रबरी चेंडू गिळून बसलं तर गंगाजळीत पाचच महिन्यांचे पैसे असतात. एकुलतं एक पिल्लू आणि शिल्लक कमी, अशा घरात मी चौथ्या साच्याची पॉलिसी घ्यायला सांगेन, मोठ्या डिडक्टिबलची. किरकोळ बिलं खिशातून भरायची, मोठं संकट कंपनीवर टाकायचं. छोट्या मर्यादेची, शून्य डिडक्टिबलची पॉलिसी मला नेमकी उलटी वाटते.

क्लेमची तयारी क्लेमच्या आधीच होते. पॉलिसी मिळाली की सगळ्या डॉक्टरांकडचे जुने केसपेपर मागवा, स्वतः वाचा. कंपनी मागेल तेव्हा ती पहिल्या लसीपासूनचं सगळं मागते, आणि तिथला माणूस निदानापेक्षा लक्षणं शोधतो. दवाखान्यात आपण सहज बोलून जातो, ‘हे तसं बऱ्याच दिवसांपासून आहे.’ डॉक्टर ते जसंच्या तसं लिहितात आणि आजाराची सुरुवात त्या ‘बऱ्याच दिवसां’नी मागे जाते, कदाचित प्रतीक्षा कालावधीत किंवा पॉलिसीच्याही आधी. खोटं बोलायचं नाही, पण मोघमही बोलू नका: ‘परवापासून’ असेल तर परवापासूनच सांगा. केसपेपरवर चूक दिसली तर डॉक्टरांना तारखेसह दुरुस्तीची नोंद करायला सांगा. जुनी नोंद खोडा असं मात्र कधीही म्हणू नका. ती फसवणूक ठरते आणि त्यात डॉक्टरही अडकतात. जमत असेल तर पॉलिसीच्या सुरुवातीलाच कंपनीकडून जुन्या नोंदींची तपासणी करून, काय वगळणार ते लेखी घ्या. वाईट बातमी लवकर मिळालेली बरी. बहुतेक पॉलिसी सुरुवातीच्या काही दिवसांत परतही करता येतात.

वार्षिक लसीकरण किंवा दातांची तपासणी ही अट असेल तर तारखा पाळा. मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आगाऊ मंजुरी मागा. क्लेमसोबत एकरकमी पावती चालत नाही. बाब-बाब मांडलेलं बिल, केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांची चिठ्ठी, सगळं मुदतीत. कंपनी थेट दवाखान्याला पैसे देते की आधी तुम्ही भरून मग परत मिळतात, हे उपचाराआधी विचारा. फोनवर बोलणं झालं तर लगेच एक मेल टाका: आज अमुक वाजता तुम्ही असं सांगितलंत.

नकार आला तर पहिलं पत्र रागाचं नको, प्रश्नाचं हवं: कोणत्या कलमाखाली नाकारलंत, आणि केसपेपरवरच्या कोणत्या नोंदीच्या आधाराने? नकाराच्या पत्रात बहुतेकदा कलम असतं, नोंद नसते. ती नोंद मिळाली की डॉक्टरांकडे जा. समजा, दोन वर्षांपूर्वी कचऱ्यातलं खाऊन एकदा उलट्या झाल्या होत्या आणि आता स्वादुपिंडाला सूज आहे. कंपनी म्हणते जुनाच पोटाचा आजार. डॉक्टरांनी दोन वाक्यांत लिहून दिलं, की तेव्हाचा त्रास दोन दिवसांत पूर्ण बरा झाला, त्यानंतर लक्षणं नव्हती आणि आताच्या निदानाशी त्याचा वैद्यकीय संबंध नाही, तर निकाल फिरू शकतो. मालकाच्या चार पानी पत्रापेक्षा या दोन वाक्यांचं वजन जास्त. तरीही नाही म्हटलं तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे रीतसर तक्रार, तिचं अंतिम उत्तर लेखी, आणि मग विमा लोकपाल किंवा तुमच्याकडे जी नियामक यंत्रणा असेल ती. थोडेच पैसे मंजूर झाले तरी हिशेब मागा. कापलेल्या बाबींत कधी कधी नुसती चुकीची वर्गवारी निघते.

वाद चालू असताना संतापून पॉलिसी बंद करू नका. हप्ता चुकला की आजवर संरक्षणात असलेले सगळे आजार नव्या कंपनीसाठी आधीपासूनचे होतात, आणि जुनीकडे परत जाणंही सहसा त्याच अटींवर होतं. कंपनी बदलायचीच असेल तर नवीकडून जुन्या नोंदींची तपासणी आणि वगळलेल्या आजारांची लेखी यादी आधी घ्या, तिथला प्रतीक्षा कालावधी संपू द्या, आणि मगच जुनीचं नूतनीकरण सोडा. तेवढा काळ दोन्हीकडचे हप्ते भरावे लागतील. प्राण्याला एखादा जुना आजार असेल तर ती यादी वाचून बहुतेक जण जिथे आहेत तिथेच राहतात.