झूनिव्हर्स : वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

विद्यापीठातल्या रिसर्चमध्ये आपलं काय काम, असं मलापण वाटायचं. झूनिव्हर्स या वेबसाइटवर संशोधक त्यांच्याकडे साठलेला ढीगभर डेटा लोकांपुढे टाकतात, फोटोत काय दिसतंय ते टिक करा नाहीतर जुनं हस्ताक्षर वाचून टाइप करा, बस. फुकट आहे, लॉगिन नाही केलं तरी चालतं, पण करा, नाहीतर आपण काय काय केलं त्याचा हिशोब राहत नाही.

सुरुवात २००७ ची. ऑक्सफर्डमधल्या एका पीएचडीवाल्याने ५०,००० आकाशगंगा डोळ्यांनी बघून वेगळ्या केल्या, आणि लाखो अजून बाकी! मग गॅलक्सी झू नावाचा प्रोजेक्ट काढून लोकांनाच बोलावलं तर पहिल्या वर्षात ५ कोटींवर उत्तरं जमा.

मी शिरलो ते प्राण्यांसाठी. स्नॅपशॉट सेरेंगेटी, म्हणजे टांझानियात लावलेले २२५ कॅमेरे, समोर काही हललं की आपोआप फोटो. मी सिंहाच्या आशेने बसलो आणि बघतो तर गवत, परत गवत, वाऱ्याने हललं तेही गवतच. मग एकदा कोपऱ्यात कुणाचंतरी निम्मं ढुंगण आणि शेपटी, मी विल्डबीस्ट (आफ्रिकेतलं मोठं हरीण) टिक करून पुढे गेलो आणि नंतर वाटलं अरे म्हैस तर नव्हती ना. टेन्शनच आलं. पण इथलं गणित मला फार आवडलं, एकाच्या उत्तरावर काही ठरत नाही. लागोपाठ ५ जण "काही नाही" म्हणाले तर फोटो बाद, १० जणांचं एकच मत पडलं तरी काम संपलं, नाहीच जमलं तर २५ जणांपर्यंत फिरतो. तज्ज्ञांच्या उत्तरांशी ताडून बघितलं तर लोकांचं ९६ टक्क्यांच्या वर बरोबर निघालं, म्हणजे माझी म्हैस कुणीतरी सांभाळून घेतली असणार.

पण टिकलो ते जुन्या पत्रांमुळे. एक पत्र असं आलं की बाईंनी पान भरल्यावर ते फिरवून त्याच मजकुरावर उभं लिहिलेलं, कागद आणि टपालखर्च वाचवायला तेव्हा असं करायचे म्हणे. एका ओळीला वीस मिनिटं गेली आणि तीन शब्द तरीही सुटले. वैताग येतो, पण सोडवत नाही. शेक्सपिअर्स वर्ल्ड नावाचा प्रोजेक्ट होता, आता संपला, त्यात अशीच हस्तलिखितं वाचताना लोकांना "व्हाइट लाय" (निरुपद्रवी खोटं) हा शब्दप्रयोग १५६७ च्या पत्रात सापडला. ऑक्सफर्ड डिक्शनरीत तोवर सगळ्यात जुना दाखला होता १७४१ चा! शब्द पावणेदोनशे वर्षांनी म्हातारा झाला की एका झटक्यात.

तक्रार एकच, प्रोजेक्टची टीम कशी आहे त्यावर सगळं अवलंबून. एका ठिकाणी (नाव घेत नाही) टॉक बोर्डवर (म्हणजे प्रोजेक्टचं चर्चेचं पान) साधा प्रश्न टाकला, खोडलेला शब्द टाइप करायचा की सोडायचा? चार महिने झाले, उत्तर नाही. म्हणून आता कुठेही घुसायच्या आधी टॉक उघडून संशोधक शेवटचं कधी बोललेत ते बघतो. मोबाइल अ‍ॅपवर सगळे प्रोजेक्ट नाहीत, आणि पत्रं फोनवर वाचायच्या फंदात तर पडूच नका, डोळे जातील.

पाचपैकी चार स्टार. खोडलेले शब्द मी सध्या टाइप करतोय, बघू कोण ओरडतं ते.