नान्नज की रेहेकुरी? काळवीट बघायला कुठं जावं

भाचा विचारतोय, मामा कुठं जाऊ. शिकारीच्या गप्पा आजोबांबरोबर संपल्या, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आता फक्त बघायचं.

खर्चात नान्नजचं अभयारण्य स्वस्त, सोलापुरातून बार्शी रोडला वीसेक किमी, टू-व्हीलरवर सकाळी जाऊन नाष्ट्याला घरी. नगरकडच्या रेहेकुरी काळवीट अभयारण्याला करमाळ्यावरून पुढं, अख्खा दिवस जातो.

कळपाचं म्हणाल तर नान्नजला माळरान मोठं, कळप पांगलेले, ज्वारीच्या रानातपण घुसतात, शेतकरी वैतागलेत बिचारे. मागं एक काळा नर बांधावर शिंगं वर करून उभा होता, मादी बघत पण नव्हती. रेहेकुरी जेमतेम २.१७ चौ. किमी, त्यामुळं काळवीट लवकर सापडतं.

लहान पोरं असतील तर रेहेकुरी. दुर्बीण आणि दम असेल तर नान्नजच.