प्लगवाला डिकोडर की तारा सोल्डर करून?

मॉडेल रेल्वेच्या जुन्या इंजिनात डिजिटल डिकोडर (रुळांतून येणारे आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी सर्किट पट्टी) आणि दिवे बसवायचे तर हा प्रश्न येतोच. 'पाच मिनिटांत बसतो' हे पाकिटावरचं वाक्य बाजूला ठेवू.

मेहनत: आत सॉकेट असेल तर प्लगवाला डिकोडर नुसता दाबून बसवायचा. ८ पिनांचा उलटा बसला तरी सहसा काही जळत नाही. इंजिन चालतं, दिवे मात्र लागत नाहीत. सोल्डरिंगचं काम वेळखाऊ. लाल-काळी तार रुळांकडून, नारिंगी-करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांना सामायिक.

धोका: खरी मेख इथे आहे. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश (मोटरला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) बरेचदा थेट धातूच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, टेकलेला असतो. तो वेगळा न करता रुळावर ठेवलंत, तर डिकोडर गेलाच समजा. मल्टिमीटर लावून मोटर आणि चासी यांत जोड नाही याची खात्री करा, मगच पुढे जा.

दिवे: ८ पिनांत पुढचा-मागचा दिवा आणि जास्तीचं एखादं फंक्शन (वेगळं चालू-बंद करता येणारी गोष्ट), बस. भट्टीची थरथरती लाली, केबिनचा दिवा असं सगळं वेगवेगळं हवं तर २१ पिनांचा घ्या किंवा सोल्डर करा. प्रत्येक एलईडीला साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच.

खर्च: सोल्डरवाला डिकोडर बहुधा थोडा स्वस्त, पण हत्यारांचा खर्चही धरावा लागतो.

सॉकेट आहे आणि साधे दिवे पुरेत? प्लगच घ्या. सॉकेटच नाही, किंवा दिव्यांचीच हौस आहे? मग सोल्डरिंग शिका, मी तेच निवडेन.