नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर सोलर: अकरा महिने वापरल्यानंतर

चापडगावजवळ आमचं मळ्यातलं घर आहे, नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याला लागूनच. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं पाणथळ. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी आम्ही दोन खोल्या ठेवल्यात. पूर्वी लाइट गेली की जनरेटर लावायचो. तो धडधडायला लागला की बांधापलीकडची बदकं उठून पार लांब जायची. ज्यांच्यासाठी लोक नाशिकहून अंधारात निघून यायचे, त्यांनाच आम्ही हुसकावत होतो. गेल्या जूनमध्ये जनरेटर विकला आणि 3 किलोवॅटचं सोलर, हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा), 5 युनिटची लिथियम बॅटरी घेतली. पॅनेलवर सरकारी अनुदान मिळालं, बॅटरीचा खर्च आमचा.

बसवायला आलेल्यांनी पहिल्याच दिवशी दारातली चिंच तोडायला सांगितली, सावली पडते म्हणून. त्या चिंचेवर संध्याकाळी शराटी आणि बगळे उतरतात. आबांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. मग पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर गेले आणि वायर 30 मीटर जादा लागली. तो खर्च मला अजिबात खटकला नाही.

खटकला तो त्यांचा हिशोब. सगळा कडक उन्हाचा! स्वच्छ दिवशी 12-13 युनिट मिळतात हे खरं, पण जुलैच्या झडीत सलग चार दिवस 3 युनिटांच्या वर आकडा गेला नाही. त्यातलं जवळपास एक युनिट इन्व्हर्टर स्वतःच खातो, हे कोणी सांगितलं नव्हतं. जानेवारीत निफाडची थंडी आणि नदीवरचं धुकं, दहापर्यंत ऊन नाही. मात्र धुकं फिटलं की गार पॅनेल झकास चालतात. मे महिन्यात ऊन जास्त असूनही तापलेलं पॅनेल तेवढं देत नाही.

पाण्याकाठी राहणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. जानेवारीत एकदा लख्ख ऊन असूनही आकडा निम्म्यावर आला. शिडी लावून वर गेलो तर दोन पॅनेलवर बगळ्यांची शीट, दवात भिजून पुन्हा वाळलेली, चुन्याच्या थरासारखी. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे थोडा भाग झाकला तरी फटका मोठा बसतो. खरवडू नका, काचेवर ओरखडे पडतात. मी पहाटे ओलं गोणपाट पंधरा मिनिटं टाकून ठेवतो, मग मऊ फडक्यानं पुसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच ओतू नका.

गीझर बॅटरीवर चालवायचा विचार सोडा. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायलाच 3 युनिट जातात. आम्ही सोलर बंब वेगळा बसवला, ढगाळ दिवसांत चुलीवर हंडा.

अंगणातले पांढरे फोकसही काढून टाकले. आता पायवाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे पिवळे दिवे आहेत, वरून झाकलेले. बॅटरी वाचते हे आहेच, पण चिंचेवरचे पक्षी रात्रभर शांत बसतात. डिसेंबरात लाइट गेली असताना पाहुण्यांनी ओट्यावर बसून पाण्यावरच्या चक्रवाकांचे आवाज ऐकले. जनरेटरच्या काळात हे शक्यच नव्हतं.

मला हा खर्च पटला. फक्त बॅटरी दुप्पट घ्यायला हवी होती. दुसरी सांगून ठेवली आहे, आणि मृगाच्या आत पत्र्यावरचे सगळे क्लॅम्प आवळून घ्यायचे आहेत. परवाच्या वादळात एक सैल झालाय.